स्टीव्ही रे व्हॉन

स्टीव्ही रे व्हॉन (पूर्ण नाव: स्टीफन रे व्हॉन, जन्म: ३ ऑक्टोबर १९५४, डॅलस, टेक्सास, मृत्यू: २७ ऑगस्ट १९९०, ईस्ट ट्रॉय, विस्कॉन्सिन) हे अमेरिकन गिटारवादक, गायक आणि गीतकार होते. ब्लूज या आफ्रिकी-अमेरिकी संगीतप्रकाराकडे १९८० च्या दशकात नव्या पिढीला वळवण्याचे मोठे श्रेय त्यांना दिले जाते. ‘डबल ट्रबल’ हा त्यांचा वाद्यवृंद. अवघ्या सात वर्षांच्या ध्वनिमुद्रण-कारकिर्दीत त्यांनी विद्युत गिटारच्या नादाचा जो आदर्श निर्माण केला, त्याचा अभ्यास आजही होतो. ओव्हरड्राइव्ह पेडल या छोट्या उपकरणाला गिटारवादकांच्या जगात जे स्थान मिळाले, त्यातही त्यांच्या वादनाचा वाटा मोठा आहे. मद्य आणि कोकेन यांच्या व्यसनातून पूर्णपणे बाहेर पडून त्यांनी आपले सर्वांत परिपक्व काम केले. त्यानंतर थोड्याच काळात वयाच्या पस्तिसाव्या वर्षी हेलिकॉप्टर अपघातात त्यांचा अंत झाला.

बालपण आणि कुटुंब

स्टीव्ही यांचा जन्म डॅलस शहराच्या ओक क्लिफ भागात एका कामगार कुटुंबात झाला. वडील जिमी ली व्हॉन अ‍ॅस्बेस्टॉसच्या कामावर मजुरी करीत. कामाच्या शोधात कुटुंबाला वारंवार बिऱ्हाड हलवावे लागे. वडिलांना दारूचे व्यसन होते आणि त्यांचा संताप घरातल्यांना सोसावा लागे. या वातावरणात वाढलेला स्टीव्ही हा अबोल आणि बुजरा मुलगा होता. आई मार्था यांनी दोन्ही मुलांना सांभाळून घेतले.

थोरले बंधू जिमी हे स्टीव्ही यांच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठे. जिमी यांच्या हाती गिटार आली आणि धाकट्याची ओढ तिकडे वळली. १९६१ मध्ये सातव्या वाढदिवसाला स्टीव्ही यांना खेळण्यातील गिटार भेट मिळाली. औपचारिक शिक्षण त्यांनी घेतले नाही आणि स्वरलिपी वाचण्याची विद्याही त्यांना अवगत नव्हती. ध्वनिमुद्रिका लावायची, एखादा तुकडा पुन्हा पुन्हा ऐकायचा आणि तो बोटांतून उतरेपर्यंत थांबायचे नाही, ही त्यांची शिकण्याची रीत होती. त्यांनी विकत घेतलेली पहिली ध्वनिमुद्रिका लॉनी मॅक यांची होती. अल्बर्ट किंग, बी. बी. किंग, फ्रेडी किंग, मडी वॉटर्स, जिमी हेंड्रिक्स आणि जॅझवादक केनी बरेल यांचे संस्कार त्यांच्या वादनावर झाले. त्यांतही अल्बर्ट किंग यांची तार ओढून स्वर चढवण्याची पद्धत त्यांनी विशेष आत्मसात केली.

शाळकरी वयात ते एका खाद्यगृहात भांडी घासण्याचे काम करीत. तेथे साफसफाई करताना टाकाऊ तेलाच्या पिंपाचे झाकण मोडून ते आत पडले. त्या प्रसंगानंतर त्यांनी काम सोडले आणि यापुढे केवळ संगीतावरच जगायचे, असे ठरवले.

ऑस्टिनमधील उमेदवारी

शालेय शिक्षण अर्धवट सोडून स्टीव्ही १९७२ च्या सुमारास टेक्सासची राजधानी ऑस्टिन येथे आले. तेथील क्लबांमध्ये त्या काळी विविध संगीतप्रकार एकत्र नांदत होते. ‘ब्लॅकबर्ड’, ‘नाइटक्रॉलर्स’ आणि ‘पॉल रे अँड द कोब्राज’ या वाद्यवृंदांतून त्यांनी दीर्घ उमेदवारी केली. मुक्काम मित्रांच्या घरी, मिळकत अनिश्चित, पण वादन जवळजवळ रोजचे, असे ते दिवस होते. १९७५ मध्ये सुरू झालेल्या ‘अँटोन्स’ या क्लबमध्ये शिकागो आणि दक्षिणेकडील ज्येष्ठ ब्लूज कलावंत येत. ज्यांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून ते शिकले होते, त्या अल्बर्ट किंग यांच्या शेजारी उभे राहून वाजवण्याची संधी त्यांना याच मंचावर मिळाली.

पुढे ‘ट्रिपल थ्रेट रिव्ह्यू’ या वाद्यवृंदातून १९७८ मध्ये ‘डबल ट्रबल’ आकाराला आला. हे नाव ओटिस रश यांच्या एका गीतावरून घेतले होते. ड्रम्सवर क्रिस लेटन आणि १९८१ पासून बेस गिटारवर टॉमी शॅनन, अशी ही त्रयी स्थिरावली. शॅनन यांनी याआधी १९६९ च्या वुडस्टॉक महोत्सवात जॉनी विंटर यांना साथ केली होती. १९७९ मध्ये स्टीव्ही यांचा विवाह लेनोरा बेली यांच्याशी झाला. त्यांचे लाडके नाव ‘लेनी’. याच नावाची एक वाद्यरचना पुढे प्रसिद्ध झाली. हा विवाह १९८८ मध्ये संपुष्टात आला.

माँत्रू ते ‘टेक्सास फ्लड’

१७ जुलै १९८२ रोजी स्वित्झर्लंडमधील माँत्रू जॅझ महोत्सवात ‘डबल ट्रबल’चा कार्यक्रम झाला. तोपर्यंत त्यांचा कोणत्याही ध्वनिमुद्रण कंपनीशी करार नव्हता. त्या रात्रीचे श्रोते शांत, विजेविना वाजणाऱ्या ब्लूजच्या अपेक्षेने आले होते. त्रयीचे मोठ्या आवाजातले वादन अनेकांना रुचले नाही आणि प्रेक्षकांतून हुर्यो उठली. कलावंत खचून मंचावरून उतरले. परंतु याच कार्यक्रमाने त्यांचे भाग्य पालटले. श्रोत्यांमध्ये असलेले गायक डेव्हिड बोवी यांनी आपल्या आगामी अल्बमसाठी स्टीव्ही यांना बोलावले, तर जॅक्सन ब्राउन यांनी लॉस एंजेलसमधील आपला स्टुडिओ विनामूल्य वापरण्यास दिला. ज्या वादनाला हुर्यो मिळाली, त्याच वादनाच्या ध्वनिमुद्रणाला नंतर ग्रॅमी पुरस्कारही लाभला.

बोवी यांच्या ‘लेट्स डान्स’ (१९८३) या अल्बममधील स्टीव्ही यांची गिटार जगभर पोहोचली. त्यानंतरच्या जागतिक दौऱ्यात त्यांनी सहभागी व्हावे असे ठरले होते. परंतु मानधन आणि करार यांवरून मतभेद झाले आणि त्यांनी त्या दौऱ्याऐवजी आपल्या वाद्यवृंदाची निवड केली. दरम्यान ब्राउन यांच्या स्टुडिओत काही दिवसांतच, बहुतांशी एकत्र बसून सलग वाजवत ध्वनिमुद्रित केलेला ‘टेक्सास फ्लड’ हा अल्बम जून १९८३ मध्ये एपिक कंपनीने प्रकाशित केला. बिली हॉलिडे आणि बॉब डिलन यांना पुढे आणणारे जॉन हॅमंड यांचा त्यामागे पाठिंबा होता. सिंथेसायझरची चलती असलेल्या त्या काळात गिटार, बेस आणि ड्रम्स एवढ्यावरच उभा राहिलेला हा अल्बम सर्वांनाच अनपेक्षित होता.

‘कुडन्ट स्टँड द वेदर’ (१९८४) आणि ‘सोल टू सोल’ (१९८५) हे पुढील अल्बम. त्यांपैकी दुसऱ्यात कीबोर्डवादक रीस वायनन्स वाद्यवृंदात सामील झाले. ४ ऑक्टोबर १९८४ रोजी, तिसाव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी, स्टीव्ही यांनी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये वादन केले.

वाद्य आणि तारा

स्टीव्ही यांची मुख्य गिटार फेंडर कंपनीची जुनी स्ट्रॅटोकास्टर होती. ती त्यांनी ऑस्टिनमधील एका दुकानातून घेतली होती आणि तिला ते ‘नंबर वन’ म्हणत. सततच्या वादनाने तिचा रंग उडून लाकूड उघडे पडले होते. गिटारच्या तारांची जाडी इंचाच्या हजाराव्या भागांत मोजतात. सर्वसाधारण वादक सर्वांत बारीक तार ९ किंवा १० मापाची वापरतात; स्टीव्ही बहुधा १३ मापाची वापरीत. इतक्या जाड तारा ओढताना बोटांची त्वचा फाटे आणि वेळप्रसंगी ती झटपट चिकटणाऱ्या गोंदाने जोडून ते वादन चालू ठेवीत. सर्व तारा ते नेहमीपेक्षा अर्ध्या स्वराने खाली लावीत. त्यामुळे ताण थोडा कमी होई आणि नादाला भारदस्तपणा येई.

उजव्या हाताचा जोरकस आघात हे त्यांच्या वादनाचे दुसरे वैशिष्ट्य होय. एक स्वर वाजवतानाही ते डाव्या हाताने इतर तारा दाबून मुक्या करीत आणि उजवा हात सर्व तारांवरून पूर्ण फिरवीत. त्यामुळे एकाच स्वराला तालवाद्यासारखा ठोका मिळे.

ओव्हरड्राइव्ह: तत्त्व आणि उपकरण

विद्युत गिटारचा नाद अ‍ॅम्प्लिफायरवाचून पूर्ण होत नाही. स्टीव्ही निर्वात नलिकांचे, म्हणजे जुन्या रेडिओंत असत तशा व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायर वापरीत. अशा यंत्राला त्याच्या क्षमतेपलीकडे संकेत दिला, की ध्वनिलहरीची शिखरे सपाट होऊ लागतात. त्यातून मूळ स्वराचे नवे स्वरांश निर्माण होतात आणि नाद दाट व दीर्घ होतो. तंबोऱ्याच्या घोडीवर सूत सरकवून जवारी उघडली की एकाच तारेतून अनेक स्वरांश ऐकू येतात. कारण निराळे असले, तरी कानाला मिळणारी समृद्धी काहीशी त्या जातीची असते.

ही विकृती किती प्रमाणात आणि कोणत्या रीतीने घडते, त्यावरून पेडलांचे तीन ढोबळ प्रकार होतात. ओव्हरड्राइव्हमध्ये लहरीची शिखरे हळुवार गोलाईने दबतात. वादकाने हलका आघात केला तर नाद बराच स्वच्छ राहतो आणि जोर दिला तर खरखरीत होतो. डिस्टॉर्शनमध्ये शिखरे अधिक कठोरपणे कापली जातात; आघात हलका असो वा जोरदार, नाद बहुतांशी सारखाच भरलेला राहतो. फझमध्ये लहर जवळजवळ चौकोनी होते आणि नाद करवतीसारखा भासतो.

स्टीव्ही यांच्या नावाशी जोडले गेलेले पेडल म्हणजे आयबानेझ कंपनीचे हिरव्या रंगाचे ‘ट्यूब स्क्रीमर’. १९७९ च्या सुमारास जपानमधील निस्शिन ओन्पा या कंपनीत सुसुमु तामुरा यांनी त्याची रचना केली. त्यावर तीनच बटणे असतात. ‘ड्राइव्ह’ विकृतीचे प्रमाण ठरवते, ‘टोन’ नादाची तीव्रता वा मृदुता ठरवते आणि ‘लेव्हल’ बाहेर पडणाऱ्या संकेताची पातळी ठरवते. आत ‘४५५८’ प्रकारची चकती आणि तिच्या परतीच्या मार्गावर बसवलेले डायोड असतात. या मांडणीमुळे शिखरे हळुवार दबतात आणि मूळ स्वच्छ संकेतही सोबत कायम राहतो. सुमारे ७२० हर्ट्झच्या खालील स्वरांना विकृतीच्या टप्प्यात क्रमशः कमी उठाव मिळतो. त्यामुळे खर्जाच्या तारा चिखलासारख्या एकजीव होत नाहीत आणि मधल्या पट्टीला उठाव येतो.

हा मधल्या पट्टीचा उठाव स्टीव्ही यांच्या दृष्टीने महत्त्वाचा होता. त्यांचे फेंडर व्हायब्रोव्हर्ब आणि सुपर रिव्हर्ब हे अ‍ॅम्प्लिफायर खर्ज आणि तार यांत समृद्ध, परंतु मध्यात किंचित पोकळ होते. पेडलचा उठाव नेमका त्या पोकळीत बसत असे. ड्रम्स आणि बेस यांच्या गर्दीतूनही गिटारचा स्वर श्रोत्यापर्यंत पोहोचण्याचे हे एक कारण होते. एकाच वेळी अनेक अ‍ॅम्प्लिफायर चालवण्याची त्यांची पद्धत होती आणि त्यांत डंबल व मार्शल यांचाही समावेश असे.

पेडल वापरण्याची त्यांची पद्धत समजून घेतली, की त्यांच्या अनुकरणातील एक नेहमीची चूक टळते. त्यांच्या शैलीशी निगडित मांडणीत ‘ड्राइव्ह’ कमी आणि ‘लेव्हल’ जास्त असते. पेडल स्वतः फारशी विकृती निर्माण करीत नाही. आधीच मोठ्या आवाजात तापलेल्या अ‍ॅम्प्लिफायरला ते पुढे ढकलते. विकृतीचा मोठा भाग नलिकांतून येतो आणि तिचे नियंत्रण वादकाच्या आघाताकडे व गिटारवरील आवाजाच्या बटणाकडे राहते. ‘लेनी’सारख्या शांत रचनेतील नितळ नाद आणि ‘टेक्सास फ्लड’मधील आर्त नाद यांतले अंतर मुख्यतः हातातून साधलेले आहे.

काळानुसार त्यांनी ट्यूब स्क्रीमरच्या टीएस-८०८, टीएस-९ आणि टीएस-१० या तिन्ही आवृत्त्या वापरल्या. पहिल्या दोहोंतील मंडलाचा मुख्य फरक शेवटच्या टप्प्यातील दोन रोधांच्या मूल्यांपुरता आहे. जुन्या आवृत्तीसाठी संग्राहक मोठी किंमत मोजतात. स्टीव्ही मात्र बाजारात मिळणारी नवी आवृत्ती घेऊन वाजवीत राहिले. याखेरीज व्हॉक्सचे वाह पेडल आणि उत्तरकाळात फझ फेस ही उपकरणे त्यांनी वापरली. ‘कोल्ड शॉट’ या गीतातील गरगरता नाद फिरत्या ध्वनिक्षेपकाच्या फेंडर व्हायब्राटोनचा आहे.

व्यसन आणि सावरणे

यशाबरोबर व्यसनही वाढत गेले. दिवसाची सुरुवात मद्याने होऊ लागली आणि कोकेन मद्यात मिसळून घेतल्याने जठराला इजा झाली. दौरे, थकवा आणि कौटुंबिक ताण यांत ‘लाइव्ह अलाइव्ह’ (१९८६) या प्रत्यक्ष कार्यक्रमांच्या अल्बमचे काम झाले. त्यातील वादन विस्कळीत असल्याची जाणीव खुद्द कलावंतांनाही होती. २७ ऑगस्ट १९८६ रोजी वडिलांचे निधन झाले. महिनाभरानंतर युरोपच्या दौऱ्यात जर्मनीतील लुडविग्सहाफेन येथे स्टीव्ही यांची प्रकृती गंभीररीत्या बिघडली. लंडनमध्ये प्राथमिक उपचार झाल्यावर दौऱ्याचा उर्वरित भाग रद्द करण्यात आला आणि ते अमेरिकेत अटलांटा येथील रुग्णालयात व्यसनमुक्तीच्या उपचारांसाठी दाखल झाले. त्याच सुमारास टॉमी शॅनन यांनीही ऑस्टिनमध्ये उपचार सुरू केले.

उपचारांनंतर त्यांच्यापुढे मोठी शंका उभी होती. प्रौढ वयात त्यांनी शुद्धीवर राहून मंचावर क्वचितच वाजवले होते. मद्याविना हात पूर्वीसारखे चालतील का आणि गाण्यातील आवेग टिकेल का, याची त्यांना भीती वाटत होती. नोव्हेंबर १९८६ मध्ये दौरे पुन्हा सुरू झाले आणि ही भीती हळूहळू ओसरली. ते डॅलसला आईच्या जवळ राहायला गेले. व्यसनमुक्त झालेल्यांच्या मंडळांत ते नियमित जात आणि आपली कहाणी मोकळेपणाने सांगत.

जून १९८९ मध्ये आलेला ‘इन स्टेप’ हा अल्बम या परिवर्तनाचे फलित होय. शीर्षकात व्यसनमुक्तीच्या बारा पायऱ्यांच्या कार्यक्रमाचा संकेत आहे. ‘टाइटरोप’ आणि ‘वॉल ऑफ डिनायल’ ही गीते त्यांनी जुने मित्र डॉयल ब्रॅमहॉल यांच्यासह लिहिली. स्वतःशी केलेली फसवणूक आणि तिच्यातून सुटका हा त्यांचा विषय आहे. या अल्बममधील वादन अधिक नेटके आहे. स्वरांची संख्या कमी आणि प्रत्येक स्वराचे वजन जास्त आहे. ‘इन स्टेप’ला समकालीन ब्लूज विभागातील ग्रॅमी पुरस्कार मिळाला. १९९० मध्ये बंधू जिमी यांच्यासमवेत त्यांनी ‘फॅमिली स्टाइल’ हा अल्बम ध्वनिमुद्रित केला. बालपणी एका घरात शिकलेल्या दोघा भावांचा हा एकत्र केलेला एकमेव अल्बम ठरला.

मृत्यू

२५ आणि २६ ऑगस्ट १९९० रोजी विस्कॉन्सिनमधील अल्पाइन व्हॅली येथे एरिक क्लॅप्टन यांच्यासमवेत कार्यक्रम झाले. दुसऱ्या रात्रीच्या अखेरीस क्लॅप्टन, बडी गाय, रॉबर्ट क्रे, जिमी आणि स्टीव्ही यांनी एकत्र वादन केले. मध्यरात्रीनंतर कलावंतांना शिकागोला नेण्यासाठी हेलिकॉप्टर सज्ज होती. परिसरात धुके होते. स्टीव्ही बसलेले हेलिकॉप्टर उड्डाणानंतर लगेचच जवळच्या टेकडीवर आदळले. वैमानिक आणि क्लॅप्टन यांचे तीन सहकारी यांच्यासह पाचही जणांचा मृत्यू झाला. वडिलांच्या निधनाला त्याच दिवशी चार वर्षे पूर्ण होत होती. डॅलसमधील लॉरेल लँड दफनभूमीत स्टीव्ही यांचा अंत्यविधी झाला.

‘फॅमिली स्टाइल’ त्यांच्या मृत्यूनंतर प्रकाशित झाला. अप्रकाशित ध्वनिमुद्रणांतून जिमी यांनी संकलित केलेला ‘द स्काय इज क्राइंग’ १९९१ मध्ये आला.

वारसा

१९९३ मध्ये ऑस्टिन येथे नदीकाठी स्टीव्ही यांचा पुतळा उभारण्यात आला. २०१५ मध्ये त्यांचा आणि ‘डबल ट्रबल’चा रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. फेंडर कंपनीने त्यांच्या नावाची गिटार बाजारात आणली. जॉन मेयर आणि केनी वेन शेपर्ड यांच्यासारखे पुढच्या पिढीतील वादक त्यांचे ऋण मान्य करतात.

ट्यूब स्क्रीमरचे उत्पादन काही काळ थांबले होते. मागणीमुळे जुन्या आवृत्त्या पुन्हा बाजारात आल्या आणि त्याच तत्त्वावरील असंख्य पेडले आज विविध कंपन्या बनवतात. विद्यार्थ्यांच्या दृष्टीने त्यातून काही गोष्टी स्पष्ट होतात. पेडलची निवड अ‍ॅम्प्लिफायर पाहून करावी लागते: मध्यात पोकळ असलेल्या यंत्राला ट्यूब स्क्रीमर पूरक ठरते, तर मध्य आधीच भरलेला असेल तर तोच उठाव कोंदट वाटतो. ओव्हरड्राइव्हची ही पद्धत नलिका तापण्याच्या सीमेवर असतानाच पूर्ण फळ देते. घरातील कमी आवाजाच्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरवर तेच पेडल वेगळे ऐकू येते आणि तेथे विकृती पेडलकडूनच घ्यावी लागते. ‘ड्राइव्ह’ वाढवल्याने वादनातील दोष झाकले जातात, परंतु आघातातील सूक्ष्म फरकही पुसले जातात. स्टीव्ही यांच्या ध्वनिमुद्रणांत हे फरक स्पष्ट ऐकू येतात, कारण त्यांनी त्यांना वाव देईल एवढीच विकृती राखली होती.

प्रमुख अल्बम

टेक्सास फ्लड (१९८३)
कुडन्ट स्टँड द वेदर (१९८४)
सोल टू सोल (१९८५)
लाइव्ह अलाइव्ह (१९८६)
इन स्टेप (१९८९)
फॅमिली स्टाइल, जिमी व्हॉन यांच्यासमवेत (१९९०)
द स्काय इज क्राइंग, मरणोत्तर (१९९१)